डंडीचं ‘डिस्कव्हरी’ : जुनं संशोधन-जहाज पाहायला जाणाऱ्यांसाठी

स्कॉटलंडला येणारे बहुतेक मराठी पाहुणे एडिंबराचा किल्ला, लॉख नेस आणि जमलंच तर ग्लेनको एवढं उरकून परत जातात. डंडीचं नाव काढलं की “तिथे काय आहे?” हा प्रश्न हमखास येतो. तिथे ताय नदीच्या काठाला तीन डोलकाठ्यांचं एक लाकडी जहाज उभं आहे. अंटार्क्टिकाच्या बर्फात दोन हिवाळे अडकून सुटलेलं, आणि पुढे देवमाशांचा अभ्यास करायला दक्षिण महासागरात गेलेलं. आर. आर. एस. (रॉयल रिसर्च शिप) डिस्कव्हरी त्याचं नाव. आमच्याकडे भारतातून कोणी आलं की आम्ही त्यांना आवर्जून तिथे पाठवतो, आणि पाठवताना ज्या सूचना तोंडी देतो त्याच इथे नीट लिहून काढल्या आहेत.

बहुतेक लोक हे ‘कॅप्टन स्कॉटचं जहाज’ म्हणून पाहायला जातात. ब्रिटिश ध्रुवसंशोधक स्कॉट, त्याच्या मोहिमेतला शॅकल्टन, बर्फ, उपासमार, स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाअभावी होणारा रोग) ही गोष्ट थरारक आहे यात वादच नाही. पण तेवढ्यावर थांबलात तर अर्धं जहाज पाहायचं राहून जाईल. हे जहाज बांधलं गेलं तेच मुळी मोजमापं घेण्यासाठी. ते स्वतःच एक भलंमोठं उपकरण आहे असं समजून त्यावर पाऊल ठेवा. मग प्रत्येक फळी अशीच का आणि लोखंड तिथे का नाही, हे उलगडत जातं.

पहिली पायरी : जहाजाची कुंडली

निघण्याआधी एवढं डोक्यात असू द्या. डिस्कव्हरी डंडीतच बांधलं गेलं आणि २१ मार्च १९०१ रोजी पाण्यात उतरलं. ब्रिटनमध्ये त्या जुन्या पद्धतीने बांधलेलं तीन डोलकाठ्यांचं हे शेवटचं मोठं लाकडी जहाज मानतात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते स्कॉटच्या नेतृत्वाखाली अंटार्क्टिकाकडे निघालं, तिथल्या मॅकमर्डो साउंड या खाडीत गोठलं आणि १६ फेब्रुवारी १९०४ रोजी मोकळं झालं. मदतीला ‘मॉर्निंग’ आणि ‘टेरा नोव्हा’ ही दोन जहाजं गेली होती. बर्फ फोडायला सुरुंगही लावावे लागले.

परत आल्यावर कर्ज फेडण्यासाठी जहाज हडसन्स बे कंपनीला विकलं गेलं. मग मालवाहतूक आणि पहिल्या महायुद्धात रशियाकडे युद्धसामग्रीच्या खेपा. १९२३ मध्ये ते पुन्हा विज्ञानाच्या कामाला घेतलं गेलं, तेव्हा त्याला ‘रॉयल रिसर्च शिप’ हा दर्जा मिळाला. १९२५ ते १९२७ देवमाशांच्या अभ्यासाची मोहीम, १९२९ ते १९३१ ऑस्ट्रेलियन संशोधक डग्लस मॉसनची अंटार्क्टिक मोहीम. त्यानंतर लंडनला थेम्सवर बालवीरांचं आणि नौदलाचं प्रशिक्षण-जहाज म्हणून बरीच वर्षं. दुसऱ्या महायुद्धात इंजिन आणि बॉयलर भंगारात गेले. १९८६ च्या वसंतात एका मोठ्या मालवाहू जहाजाच्या पोटात बसून ते डंडीला परतलं, आणि आता डंडी हेरिटेज ट्रस्ट त्याची देखभाल करतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. आज दिसतं ते रूप मुख्यतः १९२० च्या दशकातलं आहे, म्हणजे समुद्रविज्ञानाच्या मोहिमांच्या काळातलं. स्कॉटच्या वेळच्या फोटोंशी ताडून पाहणारे पाहुणे मग गोंधळतात.

दुसरी पायरी : तिकीट, कपडे, वेळ

जहाज आणि काठावरची ‘डिस्कव्हरी पॉइंट’ ही संग्रहालयाची इमारत, दोन्हींना एकच तिकीट लागतं. त्याच ट्रस्टचं तागाच्या गिरणीचं संग्रहालय शहरात आहे. दोन्ही पाहायची असतील तर एकत्र तिकिटाचा पर्याय विचारा. दर आणि वेळा बदलत असतात, त्या संकेतस्थळावर पाहून मगच गाडीचं आरक्षण करा. तिथेच आणखी एक गोष्ट तपासा, ती म्हणजे जहाजाच्या दुरुस्तीचं काम चालू आहे का. सव्वाशे वर्षांचं लाकूड आहे, ते सतत कुठे ना कुठे कुजतं, आणि अधूनमधून एखादा भाग परांच्यांनी झाकलेला किंवा बंद असतो. लांबून येऊन हिरमुसण्यापेक्षा आधी माहीत असलेलं बरं.

तीन तास हाताशी ठेवा. दुपारी उशिरा पोहोचून “पटकन बघून घेऊ” हा बेत इथे फसतो, कारण शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या बराच आधी थांबतो आणि हिवाळ्यात सगळंच लवकर आवरतं. सकाळी दार उघडताच गेलात तर जहाजाच्या अरुंद बोळांत गर्दी नसते, हा मोठा फायदा.

कपड्यांचं म्हणाल तर नदीवरचा वारा बोचरा असतो, जुलैतसुद्धा. टोपी असलेलं जाकीट घ्या. छत्री आणू नका, ती उलटी होते. बूट रबरी तळाचे हवेत, कारण पावसात डेकच्या फळ्या निसरड्या होतात. आणि आई, मावशी, सासूबाई साडी नेसून येणार असतील तर आधीच सांगून ठेवा की आतल्या शिड्या उभ्या चढणीच्या आहेत आणि दोन्ही हातांनी कठडा धरावा लागतो. पंजाबी ड्रेस किंवा पँट बरी. मोठी सॅक पाठीवर असेल तर खालच्या मजल्यावर ती दर दाराला अडकते.

तिसरी पायरी : पोहोचायचं कसं

एडिंबरा वेव्हर्लीहून डंडीला थेट गाड्या आहेत, साधारण सव्वा ते दीड तास लागतो. लंडनच्या किंग्ज क्रॉसहून अबर्डीनला जाणारी गाडीही डंडीला थांबते, पण त्यात सगळा दिवस जातो. सेंट अँड्र्यूजला शिकणाऱ्यांना ९९ नंबरची बस सोयीची. डंडी स्टेशनातून बाहेर पडून रस्ता ओलांडला की समोर नदी. डावी-उजवी विचारत बसायची गरज नाही, डोलकाठ्या दिसतात.

एडिंबराहून येताना उजव्या हाताची खिडकी पकडा. आधी १८९० चा लालसर फोर्थ पूल लागतो आणि शेवटी तायचा लांबच लांब पूल. त्या पुलावर गाडी आली की खाली पाण्यात पाहा. दगडी खांबांचे बुडखे ओळीने दिसतील. तो आधीच्या पुलाचा अवशेष. २८ डिसेंबर १८७९ च्या रात्री वादळात तो पूल कोसळला आणि वरून जाणारी गाडी सगळ्या उतारूंसह नदीत गेली. आत्ताचा पूल १८८७ मध्ये त्याच्या शेजारीच बांधला गेला.

चौथी पायरी : आत शिरण्याआधी काठावरून पाहा

बहुतेक जण थेट तिकीटखिडकीकडे जातात. पाच-दहा मिनिटं बाहेर थांबा. जहाजाची बांधणी बाहेरूनच नीट समजते, एकदा वर चढलात की ती दिसेनाशी होते.

पुढचं टोक बघा. ते सरळ उभं नाही, तिरकं मागे झुकलेलं आहे आणि त्यावर लोखंडी पत्रे मारलेले आहेत. बर्फाला धडक देऊन फोडायचा तो बेत नव्हता. जहाज बर्फावर चढायचं आणि स्वतःच्या वजनाने त्याला खाली दाबून तोडायचं. मागच्या बाजूला गेलात तर तिथला भाग गोलसर आणि पुढे आलेला दिसेल, म्हणजे सुकाणूला बर्फाचा मार लागू नये. तरीही लागलाच तर सुकाणू आणि पंखा दोन्ही वर उचलून घेता येतील अशी सोय केली होती.

आता बाजूने नजर फिरवा. जहाजाच्या कुशीला गोल खिडक्या नाहीत. खिडकी म्हणजे भोक, आणि भोक म्हणजे बर्फाच्या दाबाखाली कमकुवत जागा. कुशीची लाकडी भिंत काही ठिकाणी दोन फुटांहून जाड आहे. आतला सांगाडा ओकचा, तेही नेहमीपेक्षा दाटीवाटीने बसवलेले तुकडे, आणि वर वेगवेगळ्या लाकडांचे थर. हे काम डंडीलाच का दिलं, तर इथले कारागीर देवमाशांच्या शिकारीची जहाजं पिढ्यान्‌पिढ्या बांधत होते. बर्फात जायचं जहाज कसं बांधायचं हे त्यांना सांगावं लागत नव्हतं.

तरी जहाज निर्दोष नव्हतंच. तळ गोलसर असल्यामुळे खुल्या समुद्रात ते भयंकर डोलायचं. पहिल्याच प्रवासात तळघरात पाणी शिरून बराचसा शिधा खराब झाला. त्या गळतीला खलाशांनी ‘डंडी लीक’ असं नाव ठेवलं. गावाच्या अभिमानाच्या वस्तूला गावाचंच नाव असं चिकटलं.

पाचवी पायरी : दालनं आधी, जहाज नंतर

मुलं जहाजाकडे धावतात, त्यांना आवरा. इमारतीतली दालनं आधी पाहून घेतली तर जहाजावर गेल्यावर प्रत्येक वस्तू ओळखीची वाटते. उलट केलंत तर दालनांत कोणाचं लक्ष लागत नाही. जहाजाची बांधणी, प्रवासाची तयारी, बर्फातला मुक्काम असा तो क्रम आहे. सगळे फलक वाचायचा हट्ट धरू नका. पाऊण तासात दालनं आटोपा, कारण खरी मजा पुढे आहे.

एक-दोन गोष्टी मात्र शोधून वाचा. ४ फेब्रुवारी १९०२ रोजी स्कॉट दोरीला बांधलेल्या हायड्रोजनच्या फुग्यातून वर गेला आणि त्याच्यामागून शॅकल्टन कॅमेरा घेऊन. अंटार्क्टिकाचे आकाशातून घेतलेले ते पहिले फोटो. दुसरं, हिवाळ्याच्या अंधारात शॅकल्टनने संपादित केलेलं ‘साउथ पोलर टाइम्स’ हे टंकलिखित नियतकालिक. दिवाळी अंकांवर वाढलेल्या माणसाला त्यात रस वाटल्यावाचून राहणार नाही.

सहावी पायरी : वरचा डेक, आणि लोखंड कुठे नाही ते शोधा

डेकवर पाऊल टाकताच खाली बघून चाला. फळ्यांतून जागोजागी छोटे घुमटासारखे झरोके वर आलेले आहेत. कुशीला खिडक्या नाहीत, मग खालच्या मजल्यावर उजेड आणि हवा येणार कुठून? ती या झरोक्यांतून. जुन्या खलाशांची नडगी अंधारात यांच्यावर आपटायची, आजच्या पाहुण्यांची भर दिवसा आपटते, कारण सगळे मान वर करून डोलकाठ्या बघत असतात.

डोलकाठ्या बघायच्याच, पण उभं राहून. १९०१ च्या डिसेंबरात न्यूझीलंडच्या लिटलटन बंदरातून जहाज निघालं तेव्हा निरोपाला जमलेल्या गर्दीला हात करायला चार्ल्स बॉनर नावाचा तरुण खलाशी मुख्य डोलकाठीच्या टोकावर चढला आणि तिथून पडून मरण पावला. डेकवर उभं राहून ती उंची नजरेने मोजली की हा प्रसंग कळतो.

आता मधल्या भागात या. या मोहिमेचा एक मोठा हेतू होता पृथ्वीच्या चुंबकत्वाची मापं घेणं. दक्षिण समुद्रात होकायंत्र किती चुकतं हे ठाऊक नसल्यामुळे जहाजांना धोका होता. त्यासाठी डेकच्या मध्यावर एक चुंबकीय वेधशाळा बांधली, आणि तिच्याभोवती ३० फुटांच्या आत लोखंड किंवा पोलाद वापरायचं नाही असा नियम केला. त्या टापूतली दोरखंडंसुद्धा तारेची नव्हती, अंबाडीच्या जातीच्या तंतूंची होती. वाफेचं इंजिन, नांगर, साखळ्या असलेल्या जहाजावर हा नियम पाळायचा म्हणजे सुतारांची आणि लोहारांची काय त्रेधा उडाली असेल! गाइड असतील तर वेधशाळेची नेमकी जागा त्यांना विचारा. ते आनंदाने दाखवतात, आणि हा प्रश्न विचारणारे पाहुणे थोडे असतात.

इथे मला नेहमी अलिबाग आठवतं. मुंबईत कुलाब्याला चुंबकीय वेधशाळा होती. शहरात विजेच्या ट्रॅम येणार असं ठरल्यावर तिथली मापं बिघडणार हे उघड होतं, म्हणून चुंबकीय काम १९०४ मध्ये अलिबागला हलवलं. तिथली इमारतही लोखंड टाळूनच बांधलेली आहे. डिस्कव्हरी बर्फातून सुटलं तेही त्याच वर्षी. अलिबागच्या किनाऱ्यावर किल्ला पाहून परतणाऱ्या किती जणांना शेजारची ती वेधशाळा ठाऊक असते? डंडीला जाऊन आलात तर पुढच्या अलिबागच्या फेरीत तिच्या फाटकापाशी पाय नक्की घुटमळेल.

सातवी पायरी : खाली उतरताना

शिडी उतरताना तोंड शिडीकडे, पाठ मोकळ्या बाजूला. घरच्या जिन्यासारखं उतरायला जाऊ नका. उंच माणसांनी दर तुळईखाली वाकायचं. कपाळावर टेंगूळ घेऊन वर येणारे रोज दिसतात.

खालचं जग दोन भागांत वाटलेलं होतं. पुढे खलाशांची राहण्या-जेवण्याची जागा, मागे अधिकारी आणि शास्त्रज्ञांचा वॉर्डरूम, म्हणजे त्यांची बसण्या-जेवण्याची खोली. खलाशांकडे झुलती बिछानी, लांब बाकं, सगळे एकत्र. टॉम क्रीन, फ्रँक वाइल्ड, एडगर एव्हन्स ही पुढे गाजलेली नावं इथे राहिली. वॉर्डरूममध्ये मधोमध मोठं टेबल आणि दोन्ही बाजूंना छोट्या छोट्या खोल्या. स्कॉट, विल्सन, शॅकल्टन यांच्या खोल्यांत डोकावून पाहा. आपल्याकडच्या रेल्वेच्या कूपेहून त्या काही मोठ्या नाहीत. डॉक्टर, चित्रकार आणि पक्ष्यांचा अभ्यासक एडवर्ड विल्सन बर्फावर पेन्सिलीने रेखाटनं आणि रंगांच्या नोंदी करून घ्यायचा आणि परत येऊन दिव्याच्या उजेडात रंगवायचा, कारण उघड्यावर जलरंग गोठायचे.

गंमत अशी की मानाची जागा जास्त गार होती. वॉर्डरूमच्या खाली कोळशाची कोठारं, तिथून थंडी वर यायची. खलाशांच्या जागेखाली सामानसुमान भरलेलं असल्यामुळे ती त्यामानाने उबदार. उजेडासाठी डेकवर पवनचक्की उभारून वीज तयार करायचा प्रयत्न झाला, पण वादळांनी तिची मोडतोड केली आणि तो प्रयत्न फसला.

या मजल्यावर घाई करू नका. एका जागी दोन मिनिटं नुसतं उभं राहा आणि लाकडाला हात लावा. जिथे हात लावायला मनाई आहे तिथे तसं लिहिलेलं असतं. आवाज बाहेरून जवळजवळ येतच नाही. दोन फुटी भिंतीचा अर्थ इथे समजतो.

आठवी पायरी : देवमासे, रेशीम आणि कोलकात्याचा माणूस

आता माझ्या आवडीचा भाग, ज्यापाशी लोक कमी थांबतात.

डंडी हे देवमाशांच्या शिकारीचं गाव होतं, आणि बंगालच्या तागाचंही. दोन्हींचा संबंध थेट आहे. तागाचा राठ तंतू यंत्रावर चालवायचा तर तो आधी मऊ करावा लागतो, आणि त्यासाठी देवमाशाचं तेल आणि पाणी वापरत. त्याच डंडीत बांधलेलं जहाज १९२५ मध्ये एक वेगळाच प्रश्न घेऊन दक्षिणेला गेलं : दक्षिण अटलांटिकमधल्या दक्षिण जॉर्जिया बेटाभोवती देवमासे ज्या वेगाने मारले जात आहेत त्याने ते संपणार का? मोहिमेचा पैसा आला तो तिथल्या देवमासा-उद्योगावर बसवलेल्या करातून. म्हणजे शिकाऱ्यांच्याच खिशातून शिकारीचा हिशेब मागितला गेला.

या मोहिमेचे शास्त्रीय प्रमुख होते स्टॅन्ली केम्प. ते आले होते कोलकात्याहून. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेत त्यांनी बरीच वर्षं काम केलं होतं, आणि भारतातल्या कोळंबीवर्गीय प्राण्यांचा त्यांचा अभ्यास दांडगा होता. निवड अचूक होती, कारण देवमाशांचं कोडं शेवटी कोळंबीसारख्याच एका जिवापाशी येऊन थांबतं. बोटाएवढं लांब, थव्याने राहणारं क्रिल. देवमासा कुठे जाईल हे क्रिल ठरवतं, क्रिल कुठे असेल हे समुद्राचे प्रवाह आणि पाण्यातली सूक्ष्म वनस्पती ठरवतात. म्हणून देवमाशांचा अभ्यास करायला निघालेले लोक पाण्याचं तापमान, क्षार आणि जाळ्यात येणारे सूक्ष्म जीव मोजत बसले.

त्यातूनच एक भन्नाट यंत्र जन्माला आलं. जहाजावरचे प्राणिशास्त्रज्ञ ॲलिस्टर हार्डी यांना एक अडचण सतावत होती. जाळं टाकायला जहाज थांबवायचं, वर काढायचं, मग पुढच्या जागी जायचं. मधल्या मैलोन्‌मैल पाण्यात काय आहे ते कळतच नव्हतं. त्यांनी जहाजामागे दोरीने ओढायची एक पेटी बनवली. तिच्या तोंडाशी लहानसं भोक, त्यातून समुद्राचं पाणी आत येतं आणि रेशमी जाळीच्या पट्टीतून गाळलं जातं. ही पट्टी एका रिळावर गुंडाळलेली. पेटीच्या मागे एक छोटा पंखा, तो पाण्याच्या जोराने फिरतो आणि दातेरी चाकांमार्फत रीळ हळूहळू पुढे सरकवतो. दुसरी रेशमी पट्टी वरून येऊन पहिलीवर बसते, मधे अडकलेले सूक्ष्म जीव दोन पट्ट्यांत दाबले जातात आणि सगळी गुंडाळी फॉर्मलिनच्या (नमुने कुजू न देणाऱ्या द्रवाच्या) टाकीत जाते. परत आल्यावर पट्टी उलगडायची. पट्टीचा अमुक तुकडा म्हणजे समुद्राचे अमुक मैल. जहाज न थांबता समुद्राची नोंदवही आपोआप लिहिली जाते.

त्या यंत्राची सुधारलेली आवृत्ती १९३१ पासून व्यापारी जहाजांमागे ओढली जाते आहे, आजही, रेशमासकट. उत्तर समुद्रात आणि अटलांटिकमध्ये तापमान वाढल्यावर सूक्ष्म जीव उत्तरेकडे सरकले हे या पट्ट्यांवरून दिसलं. डंडीच्या दालनांत आणि डेकवर या १९२५ च्या मोहिमेच्या खुणा शोधत फिरा. माझ्या मते ध्रुवाकडच्या धावण्यापेक्षा या पेटीने जगाला जास्त दिलं.

मॉसनच्या मोहिमेत हेच जहाज विमान घेऊन गेलं होतं, जिप्सी मॉथ जातीचं. डेकवर उभं राहून ते ठेवलं कुठे असेल याची कल्पना करा, कारण जागा कुठेच दिसत नाही.

आणि नावाचा पुढचा प्रवासही थोडा ध्यानात ठेवा. या डिस्कव्हरीनंतर त्याच नावाची संशोधन-जहाजं होत राहिली. त्यातलं १९६२ चं जहाज आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत अरबी समुद्रात मान्सूनच्या काळात मापं घेत होतं. त्याच मोहिमेच्या पाठोपाठ १ जानेवारी १९६६ रोजी आपली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली, तीच ती दोना पावलाची. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीमही गोव्यातूनच, मुरगाव बंदरातून ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली निघाली. गोव्याच्या मुलांना डिस्कव्हरी दाखवताना हे जरूर सांगा, त्यांना ते जहाज एकदम घरचं वाटू लागतं.

मुलं आणि ज्येष्ठ सोबत असतील तर

सात-आठ वर्षांपुढच्या मुलांना हे जहाज फार आवडतं. त्यांना काम द्या : एक लोखंड नसलेली जागा शोध, एक झरोका खालून आणि वरून दोन्हीकडून शोध, शॅकल्टनची खोली शोध. तान्ही मुलं असतील तर बाबागाडी जहाजाच्या खालच्या भागात चालणार नाही, कडेवर घ्यावं लागेल.

गुडघ्यांची तक्रार असलेल्या ज्येष्ठांनी मन मारून शिड्या उतरू नयेत. इमारतीतली दालनं आणि वरचा डेक एवढ्यातही बरंच पदरात पडतं. चाकाच्या खुर्चीसाठी काय सोय आहे हे जाण्याआधी फोनवर किंवा मेलवर विचारा, कर्मचारी नीट उत्तर देतात. स्वच्छतागृह इमारतीत आहे, त्यामुळे जहाजावर चढण्याआधी सगळ्यांनी जाऊन या.

खाण्याची चिंता नको. कॅफेत सूप, स्कोन, सँडविच मिळतं. शाकाहारी मंडळींनी सूप कशाच्या पाण्यात केलंय ते विचारावं. आणि वर बदामाच्या ओळी लावलेला डंडी केक घ्या, चहाबरोबर झकास लागतो. घरून थालीपीठ आणलं असेल तर नदीकाठच्या बाकांवर बसा, फक्त समुद्री पक्ष्यांपासून डबा सांभाळा. ते हातातून उचलतात.

उरलेल्या दिवसाचं काय

शेजारीच २०१८ मध्ये उघडलेलं व्ही अँड ए डंडी हे रचनाकलेचं संग्रहालय आहे, कड्यासारख्या आडव्या पट्ट्यांची ती इमारत बाहेरूनही पाहण्यासारखी. पण माझा सल्ला विचाराल तर आधी तागाच्या गिरणीकडे, ‘व्हर्डंट वर्क्स’कडे जा. बंगालचं शेत, डंडीची गिरणी आणि गिरणीत काम करणाऱ्या बायका, सगळं तिथे एका छपराखाली आहे. आपल्या गिरणगावाची आठवण येईल.

अंगात त्राण उरलं असेल तर व्हिक्टोरिया डॉकमधलं ‘युनिकॉर्न’ हे १८२४ चं लढाऊ जहाजही गाठा. त्याच्या जातीचं दुसरं जहाज ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आहे, आणि ते मुंबईत, वाडियांच्या हातचं, सागवानात बांधलेलं, १८१७ सालचं. डंडीहून लंडनकडे परतताना डार्लिंग्टनला उतरून लोकल गाड्या बदलत हार्टलपूलला जाता येतं. त्यासाठी वेगळा दिवस काढा, एकाच दिवसात दोन्ही कोंबू नका.